मेसिओ पार्करला प्रत्यक्ष ऐकताना

आवडत्या कलावंताविषयी बोला, असं आकाशवाणीच्या मंडळींनी सांगितलं आणि वर सुचवलंही, की मेहदी हसन किंवा बेगम अख्तर यांच्यावर बोललात तर छानच होईल. मुसलमान कवी म्हटला की लोकांना आधी गझल आठवते. त्यात वाईट काही नाही. बेगम अख्तर आमच्याही घरात आहेत. पण गेली चाळीस वर्षं मी ज्या माणसाच्या मागे आहे, त्याचा गझलेशी संबंध नाही आणि कव्वालीशीही नाही. तो अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्याचा, किन्स्टन नावाच्या तंबाखूच्या पेठेत वाढलेला, काळा माणूस. वाद्य सॅक्सोफोन. नाव मेसिओ पार्कर. जन्म १४ फेब्रुवारी १९४३ चा. त्याच्या संगीताला फंक म्हणतात.

आता फंक म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. चार ठोक्यांचं एक आवर्तन धरा. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या त्याआधीच्या नाचगाण्यात जोर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर असायचा. चर्चमध्ये टाळ्याही तिथेच पडतात. साठच्या दशकाच्या मध्याला जेम्स ब्राउन या गायकाने तो जोर उचलून पहिल्या ठोक्यावर आणून ठेवला. वादक त्याला ‘द वन’ म्हणतात, म्हणजे नुसतं ‘एक’. आपल्याकडच्या माणसाला पटकन वाटेल, ही तर आपली सम. आहे आणि नाही. आपण समेपासून लांब जातो, रानोमाळ भटकतो, आणि नेमके परत येतो तेव्हा श्रोता मान हलवतो. फंकमध्ये लांब जायला सवडच नसते. दर दोन सेकंदांनी सम हजर. आणि त्या समेभोवती सगळी वाद्यं ढोलकी होऊन जातात. गिटार सूर लावण्याऐवजी खरवडल्यासारखी वाजते. सॅक्सोफोन, ट्रम्पेट लांब तान घेत नाहीत, ठोके देतात. आमच्या रत्नागिरीकडे गौरी-गणपतीत बाल्या नाच होतो, पायात चाळ बांधून माणसं गोल फिरतात, ते ज्यांनी अंगणात उभं राहून पाहिलंय त्यांना मी काय म्हणतो ते लगेच कळेल. पाय जमिनीवर पडतो तो ‘एक’.

हे संगीत माझ्यापर्यंत आलं ते बोटीवरून. माझे मामू व्यापारी जहाजावर खलाशी होते. १९८४ साली सुट्टीवर आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत एक टू-इन-वन आणि पाच-सहा कॅसेटी होत्या. कुठल्या तरी बंदरात कुणीतरी भरून दिलेल्या. एकीवर बॉलपेनने फक्त ‘डान्स’ असं खरडलेलं. त्या कॅसेटमध्ये जेम्स ब्राउनचं १९६७ सालचं ‘कोल्ड स्वेट’ होतं. सूर जवळजवळ बदलतच नाही असं गाणं. मधोमध ब्राउन गायचं थांबवतो आणि एका माणसाला नावाने हाक मारतो. हाकेसरशी सॅक्सोफोन सुरू होतो. ते नाव म्हणजे मेसिओ.

आमच्या घरात त्या हाकेचा वापर सुरू झाला. कॅरम खेळताना कुणाची पाळी आली की मामू ओरडायचे, ‘मेसिओ!’ पाटावर भाकरी पडायची वेळ झाली की माझ्या आईलाही तेच. आई वैतागायची. कॅसेटीला वेष्टन नव्हतं, त्यामुळे हा कोण, कुठला, जिवंत आहे की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. एक नाव आणि त्यामागून येणारा आवाज, एवढाच आमचा त्याच्याशी परिचय. तो बरीच वर्षं तेवढाच राहिला. मी रत्नागिरीत बी.ए. केलं, नोकरीला लागलो, कविता छापून यायला लागल्या. नव्वदच्या दशकात एकदा मुंबईला काळा घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये शिरलो (ते दुकान २०१६ साली बंद झालं) आणि तिथे एका सीडीवर तेच नाव मोठ्या अक्षरांत दिसलं. ‘लाइफ ऑन प्लॅनेट ग्रूव्ह’. १९९२ साली जर्मनीतल्या कोलोन शहरात, लोकांसमोर वाजवताना मुद्रित केलेली. पगारातले बरेच पैसे त्या दिवशी गेले.

पुढे जमेल तसं वाचत गेलो. किन्स्टनचे हे तीन पार्कर बंधू. थोरला केलिस ट्रॉम्बोन वाजवायचा, मेसिओ सॅक्सोफोन, मेल्विन ड्रम. मामाचा ‘ब्लू नोट्स’ नावाचा बँड होता, म्हणून या पोरांनी आपलं नाव ‘ज्युनिअर ब्लू नोट्स’ ठेवलं. केलिस पुढे कायद्याकडे वळला आणि कोलंबिया विद्यापीठात कायद्याचा पहिला काळा प्राध्यापक झाला. बाकीचे दोघे ग्रीन्सबरोच्या कॉलेजात संगीत शिकायला गेले. हे तेच कॉलेज, ज्याचे चार काळे विद्यार्थी १ फेब्रुवारी १९६० रोजी वुलवर्थ दुकानाच्या गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात जाऊन बसले आणि उठायला तयार झाले नाहीत. त्या बसण्याची साथ पुढे दक्षिणेतल्या कितीतरी शहरांत पसरली. बसायची जागा कुणाची आणि उभं कुणी राहायचं, हा प्रश्न त्या गावात रोजचा होता.

१९६४ साली जेम्स ब्राउनला मेल्विन हवा होता. त्याचं ड्रमवादन त्याने आधी ऐकलेलं होतं. मेल्विन म्हणाला, हा माझा भाऊ, यालाही घ्या. ब्राउनने विचारलं, बॅरिटोन सॅक्सोफोन वाजवतोस? मेसिओ वाजवायचा टेनर. तो हो म्हणाला. तुझ्याकडे स्वतःचा आहे? त्यालाही हो. वाद्य मागाहून मिळवलं. ही हकिगत तो स्वतः मजेत सांगत आला आहे. मला ती आवडते, कारण आमच्या कोकणातली मुलंही मुंबईत नोकरीला अशीच लागली. ड्रायव्हिंग येतं? येतं. लायसन आहे? आहे.

ब्राउनच्या बँडमध्ये शिस्त भलतीच कडक. चुकीचा सूर लागला तर दंड. उशीर झाला तर दंड. बुटांना पॉलिश नसेल तरीही दंड. गाता-नाचता तो हाताची बोटं उघडून दाखवायचा, ते लोकांना नाचातलंच काहीतरी वाटायचं, पण वादकाला कळायचं की आपले इतके डॉलर गेले. मामूंना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. जहाजावर त्यांनीही असे अधिकारी पाहिले होते. बुटांचं तर त्यांना फारच पटलं. १९७० साली पगारावरून आणि वागणुकीवरून बँडने ब्राउनला सोडलं. मेसिओने वेगळा संच काढला, तो फार चालला नाही. १९७३ ला तो परत ब्राउनकडे. मग जॉर्ज क्लिंटनकडे. फार पुढे, १९९९ पासून, प्रिन्सबरोबर. त्याच्या स्वतःच्या नावाला पहिलं मोठं यश आलं ते १९९० च्या ‘रूट्स रिव्हिजिटेड’ने. तेव्हा तो ४७ वर्षांचा होता.

सत्तेचाळीस. तोवर त्याने काय केलं, तर दुसऱ्याच्या गाण्यात, दुसऱ्याने हाक मारली की आठ-सोळा आवर्तनं वाजवलं आणि मागे सरकला.

आपल्याकडे शाहिराच्या मागे झीलकरी असतात. शाहिराचं नाव गावोगाव होतं. झीलकरी कोण होता हे त्याच्या गावातसुद्धा पुसलं जातं. हिंदी सिनेमाच्या गाण्यांतला सॅक्सोफोन आपण सगळ्यांनी ऐकला आहे, पण तो फुंकणाऱ्या मनोहारी सिंग यांचं नाव किती घरांत माहीत आहे? ब्राउनचाच ड्रमवाला क्लाइड स्टबलफील्ड घ्या. १९६९ साली त्याने वाजवलेला ‘फंकी ड्रमर’ या गाण्यातला काही सेकंदांचा तुकडा नंतरच्या शेकडो रॅप गाण्यांत उचलून वापरला गेला. गाण्यावर त्याचं नाव नव्हतं, म्हणून त्या वापराचे पैसे त्याच्यापर्यंत जवळजवळ पोचलेच नाहीत. तो २०१७ च्या फेब्रुवारीत गेला. मेसिओ त्यातल्या त्यात नशीबवान, कारण मालकाला हाक मारायची सवय होती. नाव रेकॉर्डवर राहिलं.

कविसंमेलनात मोठ्या कवीच्या आधी वाचणारे आम्ही लोक, आम्हाला हे जरा जास्त कळतं. निवेदक घड्याळाकडे बघत नाव पुकारतो. तीन मिनिटं.

त्याच साली, २०१७ ला, मी जर्मनीला गेलो. आपाचा मुलगा कोलोनला इंजिनिअर आहे. त्याने तिकिटं पाठवली होती, आणि आमच्या दोघांच्या ठरवण्यातली एक गोष्ट अशी, की मेसिओ त्या भागात वाजवायला येणार होता. कोलोनहून रेल्वेने तासाभराच्या गावी.

मला जावंसं वाटत होतं, त्याहून जास्त जाऊ नये असं वाटत होतं. उतारवयातल्या कलावंताला बघायला जाणं जोखमीचं असतं. आपल्या भाषेतल्या एका थोर कवीला मी त्यांच्या शेवटच्या वर्षांत व्यासपीठावर पाहिलं आहे. स्वतःची ओळ त्यांना सापडत नव्हती. पुढच्या रांगेतली मुलं मोबाइलवर खेळत होती. त्यांची कविता आता वाचायला घेतली की आधी तो माइक डोळ्यांसमोर येतो. मेसिओ तेव्हा ७४ वर्षांचा होता. फुंकून वाजवायचं वाद्य. फुप्फुसं, ओठ, दात, पोटाचे स्नायू, सगळं शाबूत हवं.

आणि एक खासगी कारण होतं. २०१४ पासून मला दमा आहे. माझ्या जुन्या कविता लांब ओळींच्या. दोन-दोन ओळी एका श्वासात म्हणायच्या, तेव्हाच त्यांचा झोत कळतो. दमा लागल्यावर ते जमेना. मग ओळी आखूड झाल्या. एका समीक्षकांनी लिहिलं, की कवीची शैली अलीकडे अल्पाक्षरी झाली असून त्यात परिपक्वता जाणवते. मी ते कात्रण बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पंपवाल्या कंपनीलाही पाठवा. हसलो खरे, पण मी संमेलनांना जायचं जवळजवळ बंद केलं होतं. वाचता वाचता थांबावं लागलं की लोक पाण्याचा पेला पुढे करतात. ती दया मला नको होती.

सभागृह म्हणजे एक जुना कारखाना होता, विटांचा, उंच छपराचा. खुर्च्या नाहीत, सगळे उभे. तिकिटाची किंमत मी मनातल्या मनात रुपयांत करून पाहिली आणि मग तो नाद सोडला. लोक माझ्याच वयाचे, बरेच त्याहून मोठे. पिकलेले केस, पाठीला छोट्या पिशव्या. शेजारच्या आजोबांच्या कानात यंत्र होतं. ते आमच्याकडे बघून हसले आणि बोटाने जमिनीवर ठोका पडल्याची खूण केली. आम्हा तिघांना एकमेकांची भाषा येत नव्हती अशातला भाग नाही, भाच्याला जर्मन छान येतं, पण बोलायची गरज पडली नाही.

आधी बँड सुरू झाला. मग तो आला. सूट, टाय, काळा चष्मा, गळ्यात सॅक्सोफोन. ‘एक’वर एक स्वर टाकला, आखूड, तुकडा पडावा तसा. पुढे बराच वेळ काहीच नाही. पुन्हा ‘एक’ आला, पुन्हा स्वर. मग चार-पाच स्वरांची एक चिमूट, आणि परत गप्प.

मी मोजत होतो. दम्याच्या माणसाला दुसऱ्याचा श्वास मोजायची खोड लागते. सीडीवर जिथे तो एका दमात धावत गेलेला मला पाठ होता, तिथे तो आता मध्ये दोनदा थांबत होता. पण थांबायचा कुठे, तर ‘एक’ वाजवून झाल्यावर. एक स्वर नेमका त्या पहिल्या ठोक्यावर पडला, की पुढचे तीन ठोके त्याच्या मालकीचे. तिथे बास आहे, ड्रम आहे, गिटार आहे, लोकांचे पाय आहेत. तेवढ्यात माणूस निवांत श्वास घेतो. आणि ऐकणाऱ्याला तो थांबला असं वाटतच नाही, कारण त्या संगीताची बांधणीच तशी आहे. पन्नास वर्षांपूर्वी ब्राउनकडे त्याला थोडक्यात वाजवायला लावलं गेलं, कारण पुढे मालक होता. तेव्हाच्या धाकाने अंगात मुरलेली काटकसर आता त्याला पुरत होती. लांब ताना घेणाऱ्या वादकाचं चौऱ्याहत्तराव्या वर्षी काय होत असेल?

बाकी वेळ त्याने कसा काढला तेही मी टिपून ठेवलं आहे. एकेका वादकाला तो नावाने पुकारायचा आणि बाजूला व्हायचा. आत जायचा नाही. तिथेच उभा राहून, मांडीवर बोटं आपटत, त्याच्याकडे बघायचा. अवघं सभागृह मग त्याच्याबरोबर त्याच वादकाकडे बघायचं. एकदा गंमत म्हणून जॅझच्या संथ सुरावटीचा एक तुकडा वाजवला. जॅझ दोन टक्के आणि बाकीचे अठ्ठ्याण्णव टक्के फंक, हे त्याचं जुनं गणित आहे. २०१३ साली आलेल्या आत्मचरित्राच्या नावातही तो आकडा आहे. मग तो रे चार्ल्सच्या आवाजात गायला. रे चार्ल्स हा आंधळा गायक-पियानोवादक त्याचं लहानपणापासूनचं दैवत. २००७ साली त्याने कोलोनच्या रेडिओच्या बिग बँडबरोबर दोन सीडींचा अल्बम केला, त्यातली एक अख्खी सीडी रे चार्ल्सच्या गाण्यांची आहे. नक्कल म्हणावी तर नक्कल होती: मान तशीच डोलते, हसणं तसंच. पण आवाजात इतकी माया होती, की मला आमच्याकडचे जुने शागीर्द आठवले, उस्तादाचं नाव घेताना कानाची पाळी पकडणारे. आणि त्यात हिशोबही होता. गाताना ओठांना विसावा मिळतो.

शेवटच्या गाण्याला लोकांनी त्याच्या नावाचा गजर सुरू केला. मेसिओ, मेसिओ. माझ्या शेजारचे आजोबा, भाचा, मी, सगळे. जी हाक जेम्स ब्राउन द्यायचा ती हजारभर माणसं देत होती, आणि ब्राउनला जाऊन तेव्हा अकरा वर्षं होत आली होती. २००६ च्या नाताळच्या दिवशी गेला तो. हाक ऐकून मेसिओने काय करावं? त्याने बासवाल्याकडे हात केला.

परत आल्यावर मी संमेलनांना पुन्हा जाऊ लागलो. लांब ओळींच्या जुन्या कविताच वाचतो. ओळ मध्येच तोडतो, पण कुठे तोडायची ते घरी ठरवून जातो, शब्दाचा पहिला आघात पडला की लगेच. श्वास घ्यायला तोंड माइकपासून फिरवत नाही. घेतलेला श्वास ऐकू जातो, जाऊ दे. पाण्याचा पेला अजून कुणी कुणी पुढे करतं, तो मी घेतो आणि खाली ठेवतो.

पण हे नंतरचं. त्या रात्री परतीच्या गाडीत भाच्याने घरी फोन लावला आणि मामूंना उठवलं. आपल्याकडे पहाट व्हायची होती. मामू सत्तरीला टेकलेले, दोन्ही गुडघे गेलेले, नमाजही खुर्चीवर.

‘कोण, मेसिओ?’ ते म्हणाले. ‘अजून वाजवतो?’

‘वाजवतो मामू. आत्ताच ऐकून निघालो.’

‘बसून वाजवत असेल.’

‘उभ्याने. सव्वादोन तास.’

पलीकडून थोडा वेळ काही आलं नाही. मला वाटलं फोन कट झाला.

‘बूट बघितलेस का त्याचे?’

‘बघितले. काळे होते. चकचकीत.’

‘हां,’ मामू म्हणाले, आणि झोपायला गेले.